फ्रिजवरचा पंधरावा नियम

माझ्या सुनंनं फ्रिजवर कागद चिकटवलाय. चौदा नियम. माझं नाव त्यात कुटंच न्हाय, पण सगळे माझ्यासाठीच लिवलेत हे शेंबड्या पोराला बी कळंल.

सून म्हणजे राजेश्वरी, मोहोळची. हितं सोलापुरात एका मोठ्या दवाखान्यात काम करती. ऑपरेशनची हत्यारं असत्यात की, कात्र्या, चिमटे, नळ्या, ती धुवायची, पुसायची, पुड्यात बांधायची आणि मशिनीत घालून निर्जंतुक करायची, असं एक खातंच असतं म्हणं. त्या खात्याची ही मोठी बाई. हाताखाली आठ पोरी. दिवसभर हत्यारांकडं ज्या नजरंनं बघती, त्याच नजरंनं संध्याकाळी घरी येऊन माझ्या हातांकडं बघती. नखं वाढलीत का, बांगडीखाली पीठ अडकलंय का.

मी चंद्रव्वा, वळसंगची. वय अठ्ठावन्न, गुडघे सत्तरचे आणि तोंड पंचविशीचं, असं आमचे मालक म्हणत्यात. ते गावाकडं शेत बघत्यात, धाकट्या दिराच्या घरी जेवत्यात आणि रोज फोन करून विचारत्यात, "कधी येतीस?" मी म्हणते, "नात चालायला लागली की." तर मी हितं जुळे सोलापुरात, शहराच्या नव्या भागात, दुसऱ्या मजल्यावर, पोराच्या फ्लॅटमधी. राजेश्वरीची रजा संपली आणि ती कामावर गेली तवापासनं नात माझ्या मांडीवर. अक्षता तिचं नाव. नऊ महिन्यांची हाय. चार दात आलेत, हिरड्या शिवशिवत असत्यात, त्यामुळं हाताला लागंल ते तोंडात. माझा पदर, बापाच्या गाडीची चावी, एकदा तर टीव्हीचा रिमोट. पण सगळ्यात जीव कशावर, तर रबराच्या पिवळ्या बदकावर. दाबलं की चूं करतं ते. मोहोळच्या आजीनं बाळंतविड्यात दिलं होतं, बदक आणि त्याच्या जोडीला एक लाल मासा.

आता नियम काय होते ते सांगते, म्हणजे माझी काय तऱ्हा झाली ते कळंल. न्हाणीघराबाहेर दोन टब, एक लाल, एक हिरवा. खाली पडलेलं, चाटलेलं, चावलेलं खेळणं लाल टबात. धुतलेलं हिरव्या टबात. लालमधलं हिरव्यात तसंच गेलं तर जणू देवळात चप्पल घालून गेल्यावाणी. लाकडी खुळखुळा पाण्यात बुडवायचा न्हाय, लाकूड पाणी पितं. तो ओल्या फडक्यानं पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. रबराची खेळणी साबणानं धुवायची, मंग पातेल्यात ठेवून वरनं उकळतं पाणी वतायचं, दहा मिनिटं झाकायचं. त्यानंतर नववा नियम. पातेल्यातनं काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवायचं आणि आपोआप गार होऊन पुरं वाळेपर्यंत हात लावायचा न्हाय.

पहिल्या दिवशी मी हसले. "अगं, आमची तीन पोरं शेतातल्या ढेकळात खेळून मोठी झाली की," म्हणलं.

राजेश्वरी म्हणली, "आत्या, ढेकळात खेळून मोठी झाली ती तीन. आजारी पडून गेलेली किती, ते पण सांगा ना."

एक गेलं होतं माझं. अकरा महिन्यांचं. ते तिला म्हाईत नव्हतं, ती आपली सहज बोलून गेली. पण त्या दिवसापासनं नियम पाळायला लागले. खरंच सांगते, शिवाची शपथ, मनापासनं पाळायला लागले.

आणि तरी दोन महिन्यांत पोरीचं पोट तीनदा बिघडलं.

तिसऱ्या वेळी दवाखान्यात ठेवावं लागलं. सलाईन. एवढ्याशा हाताला सुई, त्यावर पट्टी, पट्टीवर फळीचा तुकडा. पोरगी तो हात हलवून हलवून बघायची, कुणाचा हाय म्हणून. लेकरांचे डॉक्टर म्हणले, "तोंडावाटे काहीतरी घाण जातीय. पाणी बघा, खेळणी बघा, सांभाळणाऱ्यांचे हात बघा." सांभाळणारी कोण? मीच की. डॉक्टर बोलले आणि प्रभुलिंग, म्हणजे माझा ल्योक, छताकडं बघायला लागला. राजेश्वरीनं खाली बघितलं. माझ्याकडं कुणीच बघितलं न्हाय, त्यावरनं काय समजायचं ते मी समजले.

मंगळवारी पोरीला घरी आणलं. गुरुवारी संध्याकाळी राजेश्वरी माझ्यासमोर येऊन बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. म्हणली, "आत्या, सोमवारपासून अक्षूला पाळणाघरात ठेवायचं ठरवलंय. दवाखान्याच्या शेजारीच आहे. दुपारी मला जाऊन बघता येईल."

"म्हणजे माझ्यावर भरोसा न्हाय."

"तसं नाही."

"मंग कसं हाय?"

ती हळू आवाजात म्हणली, "मी कामावर जायला लागल्यापासूनच हे सुरू झालंय, आत्या. त्याच्या आधी सात महिने काही नव्हतं."

प्रभुलिंग मधीच घुसला. "अव्वा, तू बी लई दमलीस. थोडे दिवस गावाकडं जाऊन ये की. आराम पडंल."

थोडे दिवस! मला काय कळत न्हाय व्हय? बाईला घरातनं काढायचं असलं की तिला आरामच देत्यात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमी दोघं मिळून ठरवलंच हाय तर मला कशाला विचारताय?" म्हणलं आणि उठले.

जाताना बघितलं तर हिरव्या टबातनं माझी गौरव्वा गायब. गौरव्वा म्हणजे कापडाची बाहुली. माझ्या जुन्या इरकल लुगड्याची, मी स्वतः शिवलेली, काळ्या लोकरीची वेणी घातलेली. "ती कुटं गेली?" म्हणून विचारलं.

"कापडात ओल राहते, आत्या. सध्या बंद केलीय," राजेश्वरी म्हणली.

मला लई लागलं ते. मी दर तिसऱ्या दिवशी त्या बाहुलीला कढत पाण्यात धुऊन गॅलरीत दिवसभर उन्हात टांगत होते. एप्रिलचं सोलापूरचं ऊन! त्यात पापड बी तासात कडक होतो, तर ओल कुटली राहती? पण बोलायचं कुणाशी. चोर ठरलेल्या माणसाचं कोण ऐकतंय.

रातभर कूस बदलली आणि पहाटे एक गोष्ट पक्की केली. सोमवार यायला तीन दिवस हायत. घाण कुटनं जाती ते मी शोधून काढणार. माझ्या हातनं जात असंल तर मी स्वतः पिशवी भरून वळसंगची एसटी धरणार, कुणी सांगायची गरज न्हाय. पण माझ्या हातनं जात नसंल, तर त्या राजेश्वरीला माझ्यासमोर पुन्हा पाठ ताठ करून बसायला लावणार आणि आपल्या तोंडानं "चुकलं" म्हणायला लावणार. त्याशिवाय जागचं हलायचं न्हाय.

शुक्रवारी ती दोघं कामावर गेली आणि मी कंबर कसली. पोरीच्या तोंडात दिवसभरात काय काय जातं ते बघायचं तर पोरीच्या उंचीवरनं बघायला पायजे. मंग काय, अठ्ठावन्न वर्षांची बाई रांगायला लागली. पोरगी म्होरं, मी मागं. ती सोफ्याखाली, मी सोफ्याखाली. ती मला बघून खिदळलालीय आणि माझे गुडघे कडाकडा वाजलालेत. दार उघडंच होतं. समोरच्या फ्लॅटमधली केराबाई डोकावली.

"यव्वा! चंद्रव्वा, काय हरवलंय?"

"माझी अब्रू हरवलीय, ती शोधलालेय," म्हणलं. "तू जा."

सोफ्याखाली एक शेंगदाणा सापडला. पडद्याची दोरी चावलेली दिसली, ती वर बांधून टाकली. बापाची चावी चटकन काढून खुंटीवर. दाराजवळचं पायपुसणं उचलून बाहेर. जे जे तोंडात गेलं ते ते मी बघत गेले आणि ध्यानात ठेवत गेले. संध्याकाळपतुर एकच गोष्ट राहिली. सगळ्यात जास्त वेळ पोरगी चावत होती ती बदक. पण बदक तर चकाचक! तेच तर मी सगळ्यात जास्त धुवायची. दिवसातनं दोनदा साबण, दोनदा उकळतं पाणी. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे माझ्या स्वतःच्या कष्टावर संशय घ्यायचा. म्हणून मी त्याला सोडून दिलं.

शनिवारी राजेश्वरीला काम होतंच. घरात मी आणि पोरगी. न्हाऊन मी पूजेला बसले. आमच्यात, लिंगायतांत, गळ्यातलं लिंग रोज सकाळी काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, कोऱ्या पांढऱ्या वस्त्रानं कोरडं टिपायचं, विभूती लावायची, मंगच परत करडगीत, म्हणजे गळ्यातल्या डबीत, ठेवायचं. माझी अज्जी मला लहानपणी बजावायची, ओलं लिंग डबीत ठेवलं तर डबीला वास मारतो, आदी कोरडं कर. पन्नास वर्षं झाली, एक दिवस चुकले न्हाय.

पांढरं वस्त्र घडी घालून म्होरं ठेवलं होतं. पोरगी रांगत आली, बदक तोंडातनं काढलं आणि माझ्याकडं बघून हसत दाबलं. चूं झालं न्हाय. फुस्स झालं. आणि त्या पांढऱ्या वस्त्रावर पाण्याचे चार थेंब पडले.

पाणी स्वच्छ नव्हतं. त्यात काळे कण होते, चहाच्या भुकटीसारखे.

माझ्या हातात लिंग, म्हणून मला ओरडता येईना. कशीबशी पूजा उरकली, लिंग गळ्यात घातलं आणि बदक पोरीच्या हातातनं काढून घेतलं. तिनं भोकाड पसरलं. पसरू दे म्हणलं. तिला तिच्या गादीवर खुळखुळा देऊन बसवलं. विळी काढली, बदक पोटातनं उभं चिरलं आणि उघडलं.

शिवशिवा! बाहेरनं लिंबासारखं पिवळं आणि आत काळा बुळबुळीत थर. हौदाच्या तळाला असतो तसा. वास तर असा की मी तोंड फिरवलं. आणि हे माझी नात रोज चोखत होती. दाबायची, आणि हे पाणी तिच्या तोंडात जायचं. माझ्या समोर, माझ्या मांडीवर बसून.

माझं काळीज चरकलं. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्याच क्षणी मला आनंद झाला. सापडला चोर! बदक कुणाचं, तर राजेश्वरीच्या आईनं दिलेलं. नियम कुणाचे, तर राजेश्वरीचे. आणि बंद केली कोण, तर माझी गौरव्वा! म्हणलं, येऊ दे संध्याकाळी. आता बघते तिची ताठ पाठ.

मी बदकाचे दोन तुकडे स्टीलच्या ताटलीत ठेवले आणि ताटली ओट्यावर, दारातनं शिरलं की दिसंल अशी मांडली. आणि मंग, काय दुर्बुद्धी सुचली म्हणा की सुबुद्धी, डोक्यात आलं की राजेश्वरी पयला प्रश्न काय विचारंल? ती विचारणार, पाणी आत गेलं कसं? उत्तर तयार असायला पायजे. म्हणून मी लाल मासा घेतला. त्याच्या बी पोटाला तसंच बारीक भोक होतं. रोज करते तसंच सगळं करून बघितलं. साबणानं धुतला, पातेल्यात उकळतं पाणी वतून दहा मिनिटं झाकला. काढला. चांगलाच गरम होता. मंग रोजच्या सवयीनं हात न्हाणीघराकडं वळला आणि तितल्या बादलीत मी तो मासा बुडवला, गार करायला.

बुडवला आणि तशीच उभी राहिले.

नववा नियम. आपोआप गार होऊन वाळेपर्यंत हात लावायचा न्हाय. पण पोरगी बदकासाठी रडायची. मला तिचं रडणं सोसायचं न्हाय. दहा मिनिटं उकळत्या पाण्यात, वर अजून अर्धा तास वाळायला, कोण थांबतंय? म्हणून मी गरम बदक बादलीत बुडवून गार करायची, पदरानं पुसायची आणि पोरीच्या हातात द्यायची. आणि त्या बादलीत पाणी कुटलं? निळ्या बॅरलमधलं. शिळं.

सोलापूरच्या बाहेरच्याला हे सांगावं लागतं. आमच्याकडं नळाला पाणी येतं चौथ्या-पाचव्या दिवशी. आलं की घरातली बाई सगळं सोडून नळाला. ताजं पाणी स्वयंपाकघरात, आणि आदीचं उरलेलं ते शिळं. शिळं प्यायचं न्हाय, पण फेकायचं बी न्हाय. पाणी फेकणारी बाई म्हणजे घर बुडवणारी, असंच आमी मानत आलोय. ते न्हाणीघरातल्या निळ्या बॅरलमधी जातं, कपड्याला, फरशीला, संडासाला. वरनं नवीन शिळं पडत राहतं, तळाचं कधी संपत न्हाय. त्या बॅरलचा तळ मी या घरात आल्यापासनं बघितलेला नव्हता.

मी मासा बादलीतनं काढला. हाताला जड लागला. दाबला. त्याच्या भोकातनं पाण्याची ही एवढी लांब धार उडाली.

गरम रबर गार पाण्यात गेलं की आत पाणी ओढून घेतं. एवढंच होतं ते. जितकं मी जास्त उकळत होते, तितकं ते जास्त पीत होतं. दिवसातनं दोनदा, दोन महिने. राजेश्वरी घरी असताना सात महिने काय झालं न्हाय, कारण ती फडक्यावर ठेवायची आणि लेकराला रडू द्यायची. मी आले आणि सुरू झालं. तिचा हिशेब बरोबर होता.

मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. अकरा महिन्यांचं माझं ते गेलेलं लेकरू आठवलं. त्याच्या वेळी काय गेलं असंल तोंडात? कुणाच्या हातनं? तवा कुणी सांगितलं न्हाय, मी बी कुणाला विचारलं न्हाय. रडले. चांगली रडले.

मंग पदरानं डोळे पुसले आणि डोक्यात दुसरं चक्र सुरू झालं. ते बी सांगते, लपवत न्हाय. बादलीचं कुणाला म्हाईत हाय? मला आणि शिवाला. ताटली ओट्यावर हायच. राजेश्वरी आल्यावर एवढंच म्हणायचं, "बघ तुझ्या आईनं दिलेलं बदक." ती खजील होणार. पाळणाघर रद्द. गौरव्वा परत. मी हितंच. लेकराला बी पुन्हा काय होणार न्हाय, कारण चोर सापडलाय आणि मी आता बादलीत बुडवणार न्हाय. कुणाचं काय नुकसान झालं?

आणि खरं बोलले तर? सोमवारी पोरगी पाळणाघरात, मी एसटीत. वळसंगला गेले की मालक विचारणार, "नात चालायला लागली व्हय?" तवा काय सांगू?

दुपारभर ही दोन तोंडं माझ्या डोक्यात भांडत होती. पोरगी माझ्या मांडीवर झोपली. सुईचा निळा डाग तिच्या मनगटावर अजून होता. तो बघता बघता माझं ठरलं. आज लपवलं तर उद्या दुसरं काहीतरी माझ्या हातनं चुकंल, तवा बी लपवावं लागंल. लपवणाऱ्या बाईच्या मांडीवर माझी नात नको. मंग ती बाई मी का असंना.

साडेसहाला राजेश्वरी आली. चप्पल काढायच्या आदीच तिला ताटली दिसली. जवळ गेली, वाकली, वास घेतला. तिचा चेहरा पांढराफटक झाला.

"हे... हे बदकाच्या आत होतं?"

"व्हय," मी म्हणलं. "आणि हे पाणी माझ्या हातनं आत गेलंय."

सगळं सांगितलं. बादली, बॅरल, नववा नियम, मासा, सगळं. मासा तिच्यासमोर दाबून बी दाखवला. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं, "रोज?"

"रोज. दोनदा."

ती फरशीवर बसली. पर्स खांद्यालाच. मला वाटलं आता बोलती, आता ओरडती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ताटलीकडं बघत म्हणली, "आमच्याकडं हत्यारांत पोकळ नळ्या असतात. प्रत्येक नळीतून ब्रश फिरवायचा, हवा मारून आतून कोरडी करायची, मगच मशिनीत. नवीन आलेल्या मुलींना मीच शिकवते. जिथं भोक आहे तिथं आधी बघा म्हणते. आणि माझ्या घरात भोकाचं खेळणं आहे, ते मला दोन महिने दिसलं नाही."

एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. रात्री जेवताना प्रभुलिंग एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघून भाकरी मोडत राहिला. पाळणाघराचं काय, ते मी विचारलं न्हाय. विचारायचं तोंड कुटं होतं मला?

रविवारी पाणी येणार होतं. मी पाचलाच उठले. सोमवारी जायचं असंल तर जाईन, पण ते बॅरल तसंच ठेवून जाणार न्हाय. बादली बादली करून शिळं पाणी उपसलं आणि दोन मजले उतरून खाली झाडांना घातलं. अकरा बादल्या. केराबाई जिन्यात आडवी आली.

"अगं, पाणी फेकलालीस? डोकं फिरलं का काय तुझं?"

"आज फिरलंच हाय," म्हणलं. "सरक बाजूला."

बॅरल आडवं केलं आणि कमरेपतुर आत शिरून घासलं. तळाला बोटभर गाळ. ब्रशनं, साबणानं, लिक्विडनं, पुन्हा पाण्यानं. अंग घामानं आणि पाण्यानं निथळलं. नळ आला तवा बॅरल गॅलरीत उन्हात पालथं पडलं होतं, आतनं कोरडं खणखणीत. ते तसंच दिवसभर ठेवलं. राजेश्वरी दारात उभी राहून बघत होती. मदतीला आली न्हाय, अडवलं बी न्हाय.

दुपारी गॅलरीत गेले तर दोरीवर गौरव्वा. धुतलेली, वेणीला चिमटा लावून टांगलेली. माझं काळीज हललं. पण मंग वाटलं, पाळणाघरात न्यायला धुतली असणार. तितं लेकराला ओळखीचं काहीतरी द्यायला लागतंच की.

सोमवारी सकाळी दाराजवळ भरलेली पिशवी दिसली. राजेश्वरी तयार होऊन उभी, कडेवर अक्षता, अक्षताच्या हातात गौरव्वा. मी माझी पिशवी आदल्या रात्रीच भरून पलंगाखाली ठेवली होती. म्हणलं, रडायचं न्हाय. लेकरानं आपलं हसतं तोंड बघून जायला पायजे.

मी हात वर केला, टाटा करायला. तर राजेश्वरी म्होरं आली आणि लेकरू माझ्या कडेवर दिलं.

"आज मला उशीर होईल, आत्या. चारला तिला नाचणीची पेज द्या."

मला काय समजंना. "आणि पाळणाघर?"

तिनं पिशवी उचलून उघडी करून दाखवली. आत लाल मासा, न्हाणीघरातला पाणी उडवणारा बेडूक, एक चेंडू, दाबायचं गाढव. घरातलं भोकाचं जेवढं खेळणं होतं तेवढं सगळं. "हे जाता जाता कचऱ्याच्या गाडीत टाकते," म्हणली. मंग चप्पल घालता घालता, माझ्याकडं न बघता बोलली, "आमच्याकडं एखाद्या मुलीच्या हातून चूक झाली आणि तिनं लपवलं, तर मी तिला दुसऱ्या दिवशी खात्यात ठेवत नाही. आणि जी स्वतः येऊन सांगते, तिला पुढच्या ऑपरेशनची हत्यारं मी डोळे मिटून देते."

मी लेकराला कडेवर घट्ट धरलं.

तिनं फ्रिजवरचं पेन काढून माझ्या हातात दिलं. "पंधरावा तुम्ही लिहा," म्हणली.

"मला मराठी वाचता येतं, लिवता येत न्हाय गं. मी कानडी शाळेत चौथीपतुर."

"मग कानडीत लिहा."

लेकरू कडेवर धरून मी चौदाव्या नियमाखाली लिवलं. चाळीस वर्षांनी पेन हातात धरलं होतं, अक्षरं वाकडी आली. भोक असलेलं खेळणं या घरात न्हाय, असं लिवलं. आणि त्याच्याखाली, चुकलं तर त्याच दिवशी सांगायचं.

राजेश्वरी मोहोळची. तिला कानडीचं एक अक्षर बी वाचता येत न्हाय. माझ्या नखांपासनं बांगड्यांपतुर सगळं तपासणारी ती बाई कागदाकडं बघत उभी राहिली, मान डोलावली आणि कामाला निघून गेली. काय लिवलंय, ते तिनं विचारलं न्हाय.